काऊन

आमच्या बाजारात जागा कोणी वाटून देत नाही.
तरी सगळ्यांना ठाऊक असतं,
कडुनिंबाखाली उरकुड्यांचं बियाणं,
त्याला लागून सत्तारभाईंच्या चपला,
आणि नवा कोणी आला तर
नालीच्या कडेला, जिथं बैल मुततात.

माझी साइट नालीच्या कडेला होती.
चौथं पान.
चौथ्या पानावर कोणी येत नाही.
मीच जायचे, रात्री,
दुकानाचं शटर अर्धं ओढून,
आपण अजून तिथंच आहोत ना पाहायला.

बाबा फवारणीचे पंप दुरुस्त करतात.
मी तेच लिहायचे. दांडा, नळी, झाकण,
प्रत्येकाचा फोटो, ग्रीसच्या बोटांसकट.

पहिल्या नंबरवर पुण्याची साइट, दोन हजार नऊची.
तेव्हा मी सहावीत होते
आणि आमच्या गावात टॉवर नव्हता.
त्यांचे साडेचारशे लेख,
त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्या दुसऱ्या साइट हजारभर,
जसं बाजारात कोणीही सांगतं,
बियाणं ना? उरकुड्याकडे जा.
माझ्याकडे बोट दाखवणारी एकच,
मावसभावाची, क्रिकेटची,
तीही अगदी खाली, बारीक अक्षरात.

मी त्यांच्यासारखं लिहून पाहिलं.
फवारणी यंत्राची निगा कशी राखावी.
तपासावे, पुसावे, काळजी घ्यावी.
चौथ्या पानावरून पाचव्यावर गेले.

मग श्रावणात, कपाशी कमरेला आली तेव्हा,
गणवीर काका पंप घेऊन आले.
बाबा जेवत होते. काकांनी फोन
भाकरीसारखा आडवा तोंडाशी धरला
आणि त्यालाच विचारलं,
"पंप ठसकते काऊन?"

फोन थोडा थांबला.
मग त्यानं खोकल्याचं औषध दाखवलं.

बाबांना हसताना ठसका लागला.
मी नाही हसले.
मला सातवीचा वर्ग आठवला.
चवडे मास्तरांनी माझ्या निबंधात
प्रत्येक "काऊन"भोवती लाल गोल काढला होता.
नऊ गोल.
खाली शेरा: का असे लिहावे.

त्या रात्री पान लिहिलं.
पंप ठसकते काऊन.
दांडा ढिल्ला लागते काऊन.
नोजलातून पानी थेंब थेंब पडते काऊन.
उत्तर बाबा देतात तसं:
वायसर सुकला असन. काढा.
रातभर तेलात बुडवून ठेवा. मंग पहा.

अकरा दिवसांत पहिला नंबर.
महिन्यात त्रेचाळीस माणसं.
पुण्यात त्रेचाळीस म्हणजे काही नाही,
आमच्या दुकानासमोर उभी केली
तर समुद्रपूरची बस अडेल.
कोरपन्याहून एकाचा फोन आला.
"जमलं जी, ताई."
एवढंच. ठेवला.

दिवाळीच्या आधी पुण्याच्या साइटवर नवं पान.
"पंप ठसकतो काऊन?"
ठसकतो!
शब्द नेला, क्रियापद इथंच राहिलं.
तरी दोन दिवसांत ते वर, मी खाली.
निंबाखालच्या माणसाला कोणी विचारत नाही
माल कुठून आणला.

राग आला, खोटं कशाला बोलू.
बाबांना सांगितलं. ते म्हणाले,
"उरकुड्याचा बाप बी नालीपाशीच बसे."
आणि पुन्हा पंपात मान घातली.
धीर दिला की नुसतीच जुनी गोष्ट सांगितली,
त्यांचं कळत नाही.

आता मी दुसरी आहे. कधी तिसरी.
टेबलावर एक पंप उघडा पडलाय,
त्याची मालकीण बाहेर बाकावर, पदरानं वारा घेत.
मघाशी ती नळीला काहीतरी भलतंच म्हणाली,
मी जन्मात न ऐकलेलं.
पेन सापडत नाहीये.
"मावशी, काय म्हटलं तुम्ही?
आणखी एकदा म्हणा."