आळीचा काना

पाटी आली ती चुकूनच आली :
निळ्यावर पांढरं, ‘पिंजारी अळी, ठाणे पश्चिम’.

एकतीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली.
रोज दूध आणायला निघालो की
ती केसाळ अळी माझ्या मानेवरून चालते.
प्रभाग कार्यालयात तीन अर्ज दिले. टेबलावर
अळीमिळी गुपचिळी.
चौथ्यांदा बाई म्हणाल्या, एका कान्यावाचून
तुमचं काय अडलंय, काका?

म्हणून पास्कूला बोलावलं, उथळसरहून.
शिडी, पाव लिटर पांढरा, आणि एक ब्रश
ज्याचे केस त्याच्या मिशीइतकेच उरलेत.

‘पण आळी म्हणजे काय?’ वरून त्याचा प्रश्न.
रांग, म्हटलं. मूळ आवली. झिजत झिजत
कुठे ओळ झाली, कुठे आळी,
दिव्यांची होती तेव्हा दिवाळीच्या शेपटीला राहिली.
नारळाभोवतीचं आळं वेगळं,
कुणावर घेतात तो आळ वेगळा,
आणि ही पाटीवरची तर नात्यातलीच नाही,
नुसतं तोंड सारखं.

‘म्हंजे रस्ता नाय?’
नाही. घरं ओळीनं बसली,
पुढ्यात जे उरलं त्यातून माणसं चालली.
शब्द घरांचा. वाट फुकटची.

तो थांबला. मग ब्रशच्या दांड्यानं मोजू लागला :
हमीदाबीचं, पिंजणाची कमान टांगायचा खिळा
अजून भिंतीत आहे ते;
शेजारी आमचं;
पुढे पत्रा, पत्र्यामागे खड्डा,
मग गेट, वॉचमन, बावीस मजले.
‘दोन घरांची रांग होते का हो?’

कोशात आकडा दिलेला नाही.
होते, म्हणालो. दोन टिंबांतून रेघ जाते,
शाळेत शिकवलंय.
एकाच टिंबाचं मी काढलं नाही.
हमीदाबीचा मुलगा मुंब्र्यात फ्लॅट बघतोय
हे त्यालाही माहीत होतं.

पास्कूनं टॉवर पाहिला,
खालून वर, सावकाश, कारागिराच्या नजरेनं.
‘ही बी रांगच की. उभी केलीय नुसती.’
आणि अ च्या पाठीशी
एक सरळ रेघ ओढली.

थोडा रंग ओघळला, खाली ‘ठाणे’पर्यंत.
‘ओला आहे. दोन तास कुणी हात लावू नका.’
पैसे मोजून घेतले, चहा नको म्हणाला,
शिडी आडवी खांद्यावर घेतली
आणि वळताना तिचं एक टोक
हमीदाबीच्या भिंतीला घासलं,
दुसरं आमच्या.