इतिवृत्तात न आलेलं

अग्निशमन दलाच्या शेडमधून बंब बाहेर काढून
खुर्च्या मांडल्या. चौऱ्याऐंशी.
माणसं आली एकशे बारा. हे मी लिहिलं.
बंब बाहेर एप्रिलच्या ओल्या बर्फात
गोठ्यातून हाकलल्यासारखा उभा होता,
हे नाही लिहिलं.

कंपनीचा माणूस सभ्य होता. बूट पुसून आत आला.
त्याने पडद्यावर आमचं ग्लेन ओरा लावलं,
वरून काढलेलं, गरुडाला दिसत असेल तसं,
आणि मॅकफेल भावंडांनी टोरांटोत बसून विकलेल्या
कुरणाभोवती पिवळी चौकट.
साठा, म्हणाला तो. सव्वीस वर्षं पुरेल.
आम्ही त्याला आजवर उतार म्हणत होतो.
पोरं घसरगाड्या घेऊन जायची तिथे.

मग प्रत्येकी तीन मिनिटं.
वेळ मोजायला एफीच्याच स्वयंपाकघरातली
कोंबडीच्या आकाराची टायमर,
संपली वेळ की किरकिरणारी.

मर्डो मॅकाइव्हर सालमन माशांवर बोलला,
आकडे चुकले, रडू आवरलं.
शाळेच्या बाईंनी धूळ, फुफ्फुसं, ट्रकच्या फेऱ्या.
एका पोराने विचारलं, डोंगर खणल्यावर
आपण मारलेली हाक परत कुठून येणार?
मी ‘हशा’ लिहिलं
आणि खोडलं.

एफी गिलिस, वय एक्याऐंशी. कागद नाही, चष्मा नाही.
पिशवीतून लोणच्याची रिकामी बरणी काढली,
रिकामी कसली, विहिरीच्या पाण्याने काठोकाठ.
म्हणाली, त्या कुरणाखालची खडी माझी गाळणी आहे.
बर्फाच्या नदीने आणून टाकली,
आमच्यातलं कुणी बोटीतून उतरलं
त्याच्या कितीतरी आधी.
तेव्हापासून गाळते आहे. एक रविवार सुट्टी नाही.
एवढंच.
उरलेली अडीच मिनिटं ती बसली नाही.
बरणीतलं पाणी हलायचं थांबलं
आणि आम्ही सगळे ते थांबताना बघत होतो.
‘श्रीमती गिलिस यांनी भूजलाबाबत
चिंता व्यक्त केली.’

शेवटी, मागच्या भिंतीला टेकलेला माझा भाऊ.
लॉकलन ट्रक चालवतो. कंपनीच्या यादीतल्या
चौदा नोकऱ्यांपैकी एक त्याच्या मापाची होती
आणि ते सगळ्यांना माहीत होतं.
म्हणाला, या शेडचा पाया खडीचा.
गेल्या वसंतात एफीच्या दारापर्यंत खडी
मीच ओतली, नऊ खेपा.
ती कुठल्या खोऱ्यातून आली,
विचारलं का कुणी? मी पण नाही विचारलं.
मग माझ्याकडे बघून, नाव घेऊन:
इशबेल, लिही, मी विरोधात आहे.
आणि आधीचंही लिही. गाळू नकोस.

लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

खुर्च्या उचलताना बरणी तिथेच होती.
कंपनीचा माणूस तीन तास उत्तरं देऊन
कोरडा पडला होता. त्याने विचारलं,
चालेल का?
एफी कोट चढवत होती. मान हलवली.
तो उभ्या उभ्याच प्यायला, घसा वरखाली होत होता,
अर्ध्यावर थांबला, बरणी दिव्याकडे धरून बघितली,
पुन्हा प्यायला.
थंड आहे, म्हणाला.

निर्णय पुढील बैठकीत.
सभा नऊ वाजून चाळीस मिनिटांनी संपली.