मिनिटाला शब्द

जानेवारीत नंदुरबारची निम्मी तिसरी
पथारीवर असते, मिरचीचे देठ खुडत.
उरलेली बाकांवर शिंकते.
वारा इकडे फिरला
की सातचा पाढा त्रेसष्टपाशी खोकतो.

आज वाचनाची चाचणी.
टिना मालचे, या महिन्यात हजर नऊ दिवस.
एक उतारा, एक मिनिट,
मोबाईलचं घड्याळ माझ्या हातात.

छापलंय: शाळेजवळ तळे आहे.
ती वाचते: शायेजवय तये आहे.
दोन शब्द, दोन फुल्या.
माझी आईही शायाच म्हणायची.
माझ्या जिभेवरचा तो य
डी.एड.च्या वसतिगृहात राहिला,
आणायचा विसरले.

"मॅडम, डोया जयतस."
पुसू नको गं, त्या हातांनी नको.
पदर ओला करून मीच पुसले.
घड्याळ थांबवायचं सुचलं नाही.

मिनिट संपलं. मी लिहिलं, चौदा.
पुढचं नाव पुकारलं, दोनदा.

टिना उठेना.
बोट ओळीखालून सरकत होतं,
तळ्याकाठी अजून कुणीतरी उभं होतं.
"ब... बग... बगया!"
आणि मान वर करून हसली.

पुस्तक परत घेतलं तेव्हा पाहिलं,
चौदाव्या शब्दाच्या पुढेही, पार तळापर्यंत,
ओळीखाली फिकट लाल रेघ.