मानपत्र रंगवताना

मला अक्षरांचे पैसे मिळतात, अर्थाचे नाही.
चोपड्यात चाळीस वर्षं हेच केलं.
जिनिंगच्या भिंती, ट्रॅक्टरच्या पाठी,
केळीच्या भावाचा फळा,
सकाळी लिहायचा, दुपारी पुसायचा.

फ्लेक्स आला तसे ब्रश वाळले.
पण लोटन अण्णा म्हणाले, मानपत्र हातानंच पाहिजे,
"गुणवंत कोळीले दिल्लीना पुरस्कार शे,
गावनं बी काही पाहिजे ना."
जाड कागद, हळदी कडा,
मजकूर हायस्कूलच्या सरांचा:
'कबड्डीच्या माध्यमातून आपण राष्ट्राची जी सेवा केली...'

सेवा.
पेन्सिलीनं आखली, आणि रंग भरायला हात जाईना.

दोष धुडकूच्या चहाचा.
सकाळपासून तिथं एकच विषय.
"साडेएकतीस लाखले लिलाव व्हयना त्याना,
पैसा लिधा, आते मान बी?"
निवृत्त पोस्टमन म्हणाला, मीही पगार घेऊनच
उन्हात पत्रं वाटली, माझी शाल कुठाय?
कोणी म्हणालं, कलेक्टरले पगार नही का?
मंग तेसले कसाले हार?
आणि झिपरू नाना?
तापीच्या पुरात सतरा माणसं काढली होडीनं,
मिळाला एक नारळ,
तोही आतून आटलेला.
यावर सगळे गप्प. मग पुन्हा एक-एक कटिंग.

तो लिलाव मी पाहिलाय, धुडकूच्याच टीव्हीवर.
फळ्यावर नाव, नावापुढं आकडा,
आकडा चढत गेला तशी पोरं नाचली.
मी नाचलो नाही.
नाव आणि भाव, मांडणी माझ्या हाताच्या ओळखीची होती.

पण त्याच्याही आधीचं पाहिलंय.
चौदा वर्षांचा गुण्या यायचा भिंतीचा उरलेला चुना मागायला,
जिनिंगमागच्या मैदानावर रेषा आखायच्या म्हणून.
सुतळी ताणून सरळ रेघ कशी मारायची
ते मीच दाखवलं त्याला.
सरकीच्या फोलावर गुडघे सोलायचे.
तेव्हा कोण देत होतं लाख?
आणि तेव्हाही तो काही
देशासाठी पडत नव्हता.

रात्री तो स्वतःच आला.
गुडघ्याला पट्टा, रंगाच्या डब्यावर बसला.
मी विचारलं, त्या एका श्वासात
देश असतो का रे?
म्हणाला, काका, तिथं फक्त रेषा दिसते.
परतायची.
मग कागदाकडं बघत राहिला.
"सेवा खोडा, काका.
सेवा नानानी करी. मी खेयनू."
मग पुरस्कार परत करशील?
हसला.
"नही. तो ते ठेवसू."
आईनं म्हणे कॅलेंडर उतरवून
भिंतीवर जागा केलीय.

तो गेल्यावर रबर घेतलं.
आधी 'से' गेला.
तेवढ्यात दिवे गेले.
मेणबत्ती लावून पाहतो तर कागदावर
'राष्ट्राची जी' आणि पुढं नुसतं 'वा'.
व्याकरणात बसेना.
पण गेल्या वर्षी शेवटच्या चढाईला
तिघांच्या हातातून निसटून त्यानं बोट टेकवलं,
तेव्हा धुडकूच्या टपरीवर, चहा सांडत,
माझ्या तोंडून हेच निघालं होतं.
पोस्टमनच्याही.

पहाटे झिपरू नाना, मासळीची पाटी घेऊन
बाजाराकडं जाताना थांबला.
त्याला वाचता येत नाही.
कडांवरून बोट फिरवलं, ओलं,
मी ओरडणार होतो, नाही ओरडलो.
"पानी लागनं तर उतरी जाई का हाई?"
उतरेल, नाना.
"मंग काच बसाड. पोऱ्यानं नाव शे."

दहाला अण्णा येतील.
शब्दांचे पैसे त्यांनी आगाऊ दिलेत, 'सेवा' धरून.
लाल रंग कालवून ठेवलाय.
साय धरत चाललीय.