शालिकभाऊंना दिसलेला चौकोन

आर्वीत माझ्या खोलीत
मारेगावच्या दवाखान्याचा पडदा उघडा आहे.
लांबून आणलेला, म्हणून जरा मळकट;
माऊस हलवला की बाण दोन श्वास उशिरा हलतो.
उद्या नवी सिस्टर रुजू होणार, आत्राम आडनावाची,
तिचं खातं आज रात्रीच उघडायचं.

खाती जोडायचा प्रोग्राम दाबते.
खालच्या पट्टीवर त्याचं नाव येतं, थरथरतं,
आणि जातं.
पुन्हा दाबते. येतं. जातं.
काळ्या खिडकीत सुडो लिहून पाहिलं,
तर ती म्हणाली, डिस्प्ले उघडता येत नाही.
म्हणजे रूट हा सगळ्या यंत्राचा धनी,
आणि त्याला माझ्या या उसन्या अंगणात
पाय ठेवायची सोय नाही.

नऊ वाजले. लॉग वाचले. सेवा बंद केली, चालू केली.
चहावर साय धरली.
फोन कानाशीच होता. पलीकडे शालिक कुमरे, रात्रपाळीचे,
त्यांचा पंखा, मधेच एखादं कुत्रं.
शेवटी सहज विचारलं,
भाऊ, तिथं स्क्रीनवर काही आहे का?

"हाय ना जी. चौकोन हाय.
एकावर एक, सात-आठ झाले असतीन.
मंघापासून येऊनच राह्यले."
मग सांगितलं का नाही?
"तुमी काम करून राह्यल्या होत्या ना बाई.
मले वाटलं, तुमचेच असतीन."

माझेच होते.
यंत्राला मी दिसत नव्हते, एवढंच.
जो समोर खुर्चीत बसलाय त्यालाच ते विचारत होतं,
तू कोण, खूण सांग.

मग खूण सांगणं आलं, एकेक बटन.
एच. "तो कोनता?" शिडी, एकाच पायरीची.
ए. पालाचं तोंड.
आरला वेळ लागला.
"भेटला! पाय पसरून उभा हाय."
एन. आय, नुसती काठी.
"ठिपकेच उमटून राह्यले जी, अक्षर नाई."
तसंच असतं भाऊ. एंटर मारा.

हरणी आमची शेळी. मी चौथीत असताना
धामणगावच्या बाजारात गेली.
त्यानंतर तिला कुणी हाक मारली नव्हती.
आज मारली, परक्या लिपीच्या पाच तुकड्यांत,
आणि ज्यांनी ऐकली
त्यांना ती हाक आहे हेही कळलं नाही.

"खुललं जी!" शालिकभाऊ ओरडले.
"आन कोनते बटन दाबले, इसरलो बी. बिनघोर राहा."

सिस्टरचं खातं जोडलं.
नियम आहे: संकेतशब्द तोंडातून गेला
की लगेच बदलायचा.
बदलला, गुरुवारी.
तो सोमवार होता.