भागिले सव्वीस

हिंगण्याच्या एमआयडीसीत, मसाल्याच्या कंपनीत
अकरा वर्षं सात महिने पुड्या भरल्या मी.
मे महिन्यातल्या एका शनिवारी सुपरवायझर लांजेवार म्हणाला,
"बाई, सोमवारपासून येऊ नका,"
नळ उद्या येणार नाही, असं सांगावं
तितक्याच सहज.

पाकिटात नऊ हजार. सोबत कागद, इंग्रजीतला.
आकड्याच्या जागी मोकळी रेघ.
"सही करा. फुल अँड फायनल."
मी म्हटलं, चष्मा घरी राहिला.
चष्मा मला नाहीच.

सिव्हिल लाइन्सला, कामगार कार्यालयाच्या कुंपणाशी
उइके टायपिस्ट बसतात. पानाचे तीस रुपये,
सल्ला फुकट, पण रागावून.
"अपॉइंटमेंट लेटर?"
नाही.
"पगाराच्या स्लिपा?"
ठेकेदार तीन बदलले. शेवटच्याच्या तेवढ्या आहेत.
"गेट?"
गेट एकच. मशीनही तेच.
"मंग हे पह्यले सांगाचं नं! मालकाचंही नाव टाकू.
आन् दिवसाचा हिशेब? का तोंडीच?"

पिशवीतून कॅलेंडरं काढली. बारा.
एकाच खिळ्यावर, एकामागे एक टांगलेली.
कोपऱ्यात दुधाचा हिशेब, गॅसची तारीख,
पोरीच्या दहावीचा निकाल,
आणि रोजच्या चौकोनात माझं बोट.
घरी आल्यावर हात धुण्याआधी उठवायची मी.
हळदीचं बोट म्हणजे हजेरी.
मिरचीचं, म्हणजे रविवारीही बोलावलं होतं.

उइक्यांना तीन शिंका आल्या.
मग बराच वेळ ते पानं उलटत राहिले,
न रागावता.

"बाई, महिन्याचे दिवस किती?"
तीस. कधी एकतीस.
"ग्रॅच्युइटीत सव्वीस.
चार रविवार तुमचे. म्हून पगाराले
तीसनं नाई, सव्वीसनं भागाचं."

मी त्या लाल बोटांकडे पाहत राहिले.
नखातली आग लिंबानं घासून काढत होते
तेव्हाही कुठल्याशा कागदावर
ते रविवार माझ्याच नावावर होते तर.
मला कोणी बोललं नाही.
मीही कोणाला विचारलं नाही.

बेसिक दहा हजार चारशे.
भागिले सव्वीस, चारशे.
गुणिले पंधरा, सहा हजार.
गुणिले बारा...
"अकरा," मी अडवलं. खोटं नको.
"वरचे सात महिने कोणाले दान देता का?
सहाच्या वर गेलं का पुरं वर्ष."

पाच मिनिटं उशीर झाला की
अर्धा दिवस कापणारं जग मला पाठ होतं.
सात महिन्यांचं वर्ष करणारंही कोणी असतं,
हे पंचेचाळिसाव्या वर्षी, ऊन डोक्यावर असताना,
एका मोडक्या स्टुलावर बसून कळलं.

बहात्तर हजार.
मिळतील?
"मिळण्याचं मी टाइप करत नाई, बाई.
मागण्याचं करतो."

झेरॉक्समध्ये हळद काळी येते.
मिरचीही काळीच.
म्हणून उइके म्हणाले, असल जपून ठेवा,
तारखेला साहेबाले रंग दाखवा लागन.

पहिल्या तारखेला कंपनीचा वकील आला नाही.
दुसऱ्या तारखेला आला, आणि पुढची तारीख मागून गेला.
लांजेवार वऱ्हांड्यात दिसला,
"बाई, चष्मा सापडला का?" म्हणाला.
सापडला, मी म्हटलं.

कॅलेंडरं आता लोखंडी पेटीत, लुगड्यांच्या खाली.
भिंतीवर नुसता खिळा,
आणि त्याच्याखाली बारा वर्षं ऊन न लागलेला
चुन्याचा एक चौकोन.
अर्जाची पोच मी त्याच खिळ्याला अडकवली आहे,
गोल शिक्का बाहेरून दिसेल अशी.

सकाळी दूधवाला रोशन दारात थबकला.
"ताई, आता हिशेब कुठं लिहाचा?
राहू दे, तोंडीच ठेवू."

तोंडी नाही, मी म्हटलं.
येताना कॅलेंडर घेऊन ये.