मागची पानं

हरिपूरच्या घाटावर भडंगाची पुडी मांडीत घेऊन
सन्मती मगदूम एका भिंतीवर डोकं आपटतोय.
भिंत मोबाइलमधली. डोकंही मोबाइलमधलंच.
म्हटलं, काय रं, वाट नसंल तर माघारी फिर की.
म्हणाला, बाबगोंडा आजोबा, नकाशा इथं संपतो,
पण पिंप उचलून डाव्या कोपऱ्यातनं उडी मारली
तर दोनदा पलीकडं गेलोय.
दोनदाच. का, ते कळंना.

माझं मत कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो.
मला हे खेळ पटत नाहीत.
बंदुका फार, आणि मेलेला माणूस
चहा पिऊन आल्यासारखा परत येतो.
आमच्याकडं हळदीच्या पेवात उतरायच्या आधी
दोरीनं कंदील सोडायचे खाली.
विझला, तर राहू दे हळद तिथंच.
तेवढाच एक जादा जीव होता आमच्यापाशी,
तोही रॉकेलवर चालायचा.

आणि शोध म्हणाल,
तर त्याचंही मला फार कौतुक उरलेलं नाही.
एकतीस वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये
लंबक टांगले, दोरे बदलले, टेबलं पुसली.
पोरं यायची, वीस झोके मोजायची,
मोजता मोजता पिक्चरचं बोलायची,
आणि उत्तर नऊशे ऐंशी.
सगळ्यांचं. दरसाल.
पुस्तकातल्या उत्तरापासून पाठमोरी चालत यायची
निरीक्षणापर्यंत.

एकच पोरगी, मिरजेहून येणारी, तस्लीम मुलाणी.
तिचं आलं एक हजार तेरा.
सर म्हणाले, पुन्हा कर.
पुन्हा केलं. एक हजार बारा.
तांबडी रेघ. हशा.
मग तिनंही नऊशे ऐंशी लिहिलं,
सही घेतली, पाचची एसटी गाठली.

मला रात्री डोळा लागंना.
सकाळी चार नंबरच्या टेबलावरचं चावीचं घड्याळ
रेडिओच्या टोल्यांशी लावून बघितलं.
मिनिटाला एक सेकंद मागं.
किती सालापासनं मागं, कुणास ठाऊक.
त्याच घड्याळावर किती जणांनी
नऊशे ऐंशी काढलं, मर्दा!
सरांना सांगितलं का? नाही.
कपाटातलं दुसरं घड्याळ टेबलावर ठेवलं
आणि हे खिशात घातलं.
पगाराचा दिवस होता. एवढंच कारण.

सन्मतीचं जर्नल दगडावर उघडं पडलं होतं.
पुढच्या पानांवर, वळणदार अक्षरात, नऊशे ऐंशी.
मागच्या पानांवर पेन्सिलनं:
१४३ पडलो.
१४४ पडलो.
१४५ पडलो, पण उशिरा.
१४६ पिंप रिकामं. गेलो!!
१४७ पिंप रिकामंच. तरी पडलो.
१४८ आईनं हाक मारली, धरू नये.

एवढं खरं जर्नल
मी एकतीस वर्षांत पुसलेल्या टेबलांवर बघितलं नव्हतं.
तोंडावर मात्र म्हणालो,
ती भिंत कुणीतरी बांधलीय, फट राहून गेली.
तू शोधतोस ती गवंड्याची चूक.
हा शोध नव्हं, बाळ.
तो मान वर न करता म्हणाला,
मग त्या तस्लीमनं काय शोधलं?
घड्याळजीची चूकच की.

मी भडंगातले शेंगदाणे तेवढे वेचून खाल्ले.
पलीकडनं वारणा येत होती, गढूळ,
आणि कृष्णेत मिसळूनही बराच वेळ
वेगळी दिसत होती.

घड्याळ काढून दिलं त्याच्या हातात.
मिनिटाला एक सेकंद मागं आहे, म्हटलं.
पण मी सांगतो म्हणून लिहू नकोस.
त्यानं चावी दिली, कानाला लावलं,
मोबाइलशी ताडून बघितलं, तीन वेळा.
दीड, म्हणाला. आता दीड सेकंद झालाय.
आणि तेही मागच्याच पानावर लिहिलं,
माझं नाव न घालता.

मग पिंप उचललं.
दोनशे अठरा.
आम्ही दोघंही श्वास धरून.
पडला.